गुळव्याचं चरित्र, कोल्हापूरचा इतिहास: घरातल्या साध्या माणसाचं आयुष्य कसं लिहावं

कोल्हापुरात घरच्या माणसावर लिहायला बसलं की पहिलं प्रकरण हमखास शाहू महाराजांना जातं. २६ जुलै १९०२ चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, १९१७ चं सक्तीचं प्राथमिक शिक्षण, १९२० ची अस्पृश्यांची माणगाव परिषद, खासबागचं कुस्ती मैदान, राधानगरीचं धरण. सगळं खरं आणि अभिमानाचंही. पण दहा पानं उलटली तरी ज्याच्यावर लिहायचं तो आज्जा अजून जन्मालाच आलेला नसतो. पुढे कधीतरी येतो आणि गर्दीत टोपी सावरत उभा राहतो. खाली वाक्य असतं, "या थोर काळाचे ते साक्षीदार होते." साक्षीदार कशाचे? त्या दिवशी ते उसाला पाणी पाजत होते.

माझं म्हणणं एवढंच आहे: इतिहास त्या माणसाच्या ताटात, खिशात, अंगावर किंवा पत्त्यावर जेवढा पोचला तेवढाच घ्या, आणि ज्या साली, ज्या रूपात पोचला त्याच रूपात घ्या. हे कसं करायचं ते पुढे सांगतो. समजायला सोपं जावं म्हणून एक माणूस मनानेच उभा करू. १९२५ च्या सुमाराला करवीर तालुक्यात जन्मलेला, चार यत्ता शिकलेला, थोडी कुळाची जमीन कसणारा आणि दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दुसऱ्याच्या गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून, म्हणजे उसाचा रस आटवून गूळ करणारा कारागीर म्हणून राबणारा. असा आज्जा कोल्हापूर जिल्ह्यात घरटी सापडेल.

आधी वयाचा रकाना

मोठी वही घ्या, आडवी धरा आणि चार रकाने पाडा: साल, माणसाचं वय, घरात काय झालं, बाहेर काय झालं. बहुतेक लोक वयाचा रकाना सोडून देतात, आणि खरं काम तर तोच करतो. आपल्या गुळव्याचा भरून बघा. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले, तेव्हा हा जन्मलेलाच नव्हता. म्हणजे शाहू महाराज त्याच्या आयुष्यात येतात ते बापाच्या तोंडून, शाळेच्या इमारतीतून आणि शाहूपुरीच्या गूळ बाजारातून. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा तो चोवीस वर्षांचा, बहुधा लग्न झालेला. १९५७ ला बत्तीस. कोयनेच्या भूकंपाला बेचाळीस. १९८९ च्या महापुरात चौसष्ट, २००५ च्या पुरात ऐंशी. बेचाळिसाव्या वर्षी भूकंपात पोरं उचलून बाहेर पळणारा माणूस आणि ऐंशीव्या वर्षी पुरातून पोरांनी उचलून नेलेला माणूस, हे दोन प्रसंग एकाच वहीत आले की चरित्राची निम्मी मांडणी आपोआप दिसते.

सालं कशी पक्की करायची

जन्मतारीख म्हणून १ जून सापडली तर तिच्यावर भरवसा ठेवू नका. महाराष्ट्रात दोन पिढ्यांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीची तारीख टाकली. सालही एखाद-दोन वर्षं मागेपुढे असतं.

त्यापेक्षा आठवणींना खुंट्या शोधा. सगळ्यात पक्की खुंटी म्हणजे भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ. "भूकंपाला तुझी आत्ती पाळण्यात हुती" असं आजी म्हणाली की आत्तीचा जन्म १९६७ चा, फार तर आदल्या वर्षाचा. बहात्तरचा दुष्काळ, म्हणजे लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडी, ही दुसरी. पुरांच्या सालांवर मात्र नीट उलटतपासणी करा. १९८९, २००५, २०१९, २०२१ हे पूर लोकांच्या डोक्यात एकमेकांत मिसळतात. अशा वेळी पाणी कुठल्या पायरीला लागलं, बाहेर काढायला बैलगाडी आली, ट्रॅक्टर आला की लष्कराची बोट आली, एवढं विचारलं तरी साल बरंचसं ठरतं.

"प्लेगच्या साली" या शब्दाने फसू नका. प्लेग कोल्हापूर भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला आणि पुढे बरीच वर्षं फिरून फिरून येत राहिला. गाव सोडून रानात खोपटी बांधून राहिल्याच्या गोष्टी त्यातल्या कुठल्याही सालच्या असू शकतात. मानमोडी म्हटलं तर ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ, तिथे गोंधळ कमी.

महिना ठरवायला सण चालतात. जोतिबाची यात्रा म्हणजे चैत्र पौर्णिमा. बेंदूर म्हटलं की लगेच विचारा, कर्नाटकी की महाराष्ट्रीय? आपल्याकडे दोन्ही असतात आणि त्यांच्यात काही आठवड्यांचं अंतर पडतं. कागदावर शक असेल तर ७८ मिळवा (जानेवारी ते गुढीपाडवा या काळात ७९), फसली म्हणजे जुनं महसुली साल असेल तर ५९०. फसली वर्ष मृगाला, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बदलतं, म्हणून फसली १३३० म्हणजे जून १९२० ते जून १९२१.

घरातली झडती

सरकारी कचेरीत जाण्याआधी माळ्यावर जा. पितळेची जुनी भांडी खाली काढा, चिंच लावून घासा आणि काठाखाली बघा. लग्नात आलेल्या हंड्या-घागरींवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा तारीख ठोक्याने कोरलेली असते. कुणाच्या लग्नात कुठल्या गावचा मामा आला, सासरचं आडनाव तेव्हा कसं लिहायचे, कुणाच्या स्मरणार्थ काय दिलं, हे एका घागरीवर मिळतं. मी तर म्हणतो, ज्या घराकडे एकही कागद नाही त्या घराचं दप्तर म्हणजे त्यांची भांडी. ती मोडीत घालण्याआधी निदान फोटो काढा, उन्हात तिरकी धरून, म्हणजे कोरीव अक्षर उठून दिसतं.

मग ट्रंक. रेशनकार्ड, सोसायटीचं पासबुक, दवाखान्याचे कागद, फोटो. फोटोची पाठ आधी बघा, स्टुडिओचा शिक्का असतो आणि स्टुडिओ कुठल्या पेठेत कधीपर्यंत होता हे सांगणारं कुणीतरी भेटतं. पलटणीत होता असं ऐकून असाल तर डिस्चार्जचा कागद शोधा. संस्थानची राजाराम रायफल्स विलीनीकरणानंतर मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, तिचं केंद्र बेळगावला, त्यामुळे पुढचा माग बेळगावच्या दिशेने जातो.

गुळव्याच्या घरात मी सगळ्यात आधी अडतीची पट्टी शोधीन. गूळ शाहूपुरीत अडत्याकडे गेला की सौदा होऊन हातात पट्टी मिळायची: किती रवे (गुळाच्या ढेपा), वजन किती, दर काय, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा, आधी घेतलेली उचल वजा, आणि खाली उरलेली रक्कम. ही पट्टी सावकाश वाचा. गुळाचा भाव चढा आणि खालची रक्कम शून्याजवळ असेल, तर त्या घरातलं वर्ष कसं गेलं हे वेगळं लिहावं लागत नाही. पट्टी ज्याच्या नावे तो गुऱ्हाळाचा मालक की आपला माणूस, हे मात्र तपासा. गुळव्याला मजुरी मिळायची, पट्टी मालकाची असायची. मजुरीचा हिशेब कागदावर नसतो, तो तोंडीच घ्यावा लागतो: आदणावर (काहिलीत एका वेळी शिजणाऱ्या रसावर) मिळायची की हंगामावर, आणि सोबत घरी नेण्यापुरता गूळ किती.

कचेरीतले कागद

इथे वेळ द्या. आणि पहिला प्रश्न स्वतःलाच विचारा: आपलं गाव तेव्हा कुणाचं होतं? आजच्या जिल्ह्याचा नकाशा डोक्यात ठेवून गेलात तर चुकीच्या दारात उभे राहाल. काही गावं थेट दरबारच्या खालसा मुलखात होती, काही विशाळगड, बावडा, कागल, इचलकरंजी अशा जहागिरींत. कुरुंदवाड स्वतंत्र संस्थान होतं. चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता, त्यामुळे तिथले जुने कागद बेळगावकडे बोट दाखवतात.

शाळेपासून सुरुवात करा, तिथे माणसं बोलकी असतात. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर मागा. नाव, जात, जन्मतारीख, कुठून आला, कधी आला, शाळा कधी सोडली आणि का. शेवटचा रकाना सोन्यासारखा आहे. "सतत गैरहजर" असा शेरा असेल तर तारीख बघा. गुऱ्हाळाच्या हंगामात नाव कमी झालं असेल तर पोरगा कुठे गेला ते कळलं. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा आणि चौथीत सुटलेली शाळा, या दोहोंमध्ये जे घडलं ते तुमचं पहिलं खरं प्रकरण.

जन्म-मृत्यूसाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल पुस्तक. ते आणि जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून बघता येतात, नक्कल मिळते. शहरातल्या घरासाठी सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा ही पुस्तकं बऱ्याच वर्षांनी कपाटाबाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. त्याचा फायदा असा की आता कचेरीत कोतवाल पुस्तक मागितलं तर "ते काय असतं?" असं कुणी विचारत नाही. तोटा असा की पुष्कळ घरांनी फक्त जातीचा रकाना बघितला आणि पुस्तक मिटलं. शेजारच्याच रकान्यात मृत्यूचं कारण असतं. पटकी, ताप, बाळंतपण. एका घरातली एकापाठोपाठ गेलेली तीन पोरं तिथे ओळीने सापडतात, आणि मग आजी देवीची एवढी का भिते हे समजतं.

सातबारा सगळ्यांना ठाऊक असतो, पण गोष्ट असते ती फेरफारात. सातबाऱ्यावर गोल केलेले आकडे दिसतात, ते फेरफाराचे नंबर. एकेक धरून मागे मागे जा. वारस लागले, बोजा चढला, बोजा उतरला, वाटणी झाली, बहिणींनी हक्क सोडला. कुळाच्या जमिनीत १ एप्रिल १९५७ ही तारीख शोधा. त्या कृषक दिनाला कूळ कायद्याने कसणारा कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. पुढे कलम ३२ ग खाली किंमत ठरायची, हप्ते भरायचे, मग ३२ म चं प्रमाणपत्र. आपला गुळव्या बत्तिसाव्या वर्षी मालक झाला असेल तो या कागदाने. किंवा झाला नसेल, कारण मालकाने आधीच कब्जा काढून घेतला असेल, किंवा "कसत नाही" असा जबाब त्याच्याकडून घेतला असेल. तेही फेरफारात दिसतं, अंगठ्यासह.

गंमत अशी की त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७ ला, देशात आणे जाऊन नवे पैसे आले. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. इतिहासाच्या पुस्तकात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत असतात. गुळव्याच्या घरात त्या एकाच दिवशी आल्या, आणि जमिनीच्या हप्त्याचा हिशेब त्याला न कळणाऱ्या नव्या नाण्यांत करावा लागला असणार. आजीला विचारा, आणे जाऊन पैसे आले तेव्हा बाजारात कुणी कुणाला फसवलं. हसत हसत सांगतील.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे कागद मोडी लिपीत असू शकतात. शब्द सुटे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. स्वतः शिकायला हरकत नाही, पण नक्कल मिळाली की जाणकाराकडून वाचून घ्या आणि लिप्यंतर लिहूनच घ्या, तोंडी नको. दरबारी कागदांसाठी कोल्हापूरचं पुराभिलेखागार आहे, पण तिथे "आमच्या आज्ज्याचं काही आहे का?" असं विचारून हाती काही लागत नाही. गाव, खातं आणि साल घेऊन जा. जुन्या वर्तमानपत्रांसाठी आणि पुस्तकांसाठी करवीर नगर वाचन मंदिर, १८५० पासूनचं, आणि शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय.

हेळव्याला विसरू नका. बैलावर बसून येणारा आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावं म्हणणारा हेळवी अजूनही आपल्या भागात येतो. त्याची वंशावळ नावांसाठी आणि मूळ गावासाठी उत्तम, पण पराक्रम ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा. दक्षिणा देणाऱ्याचे पूर्वज शूर असणारच.

विचारायचं कसं

"स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर साधारण असं येतं:

"काय वाटायचंय लेकरा? म्हस व्याली हुती. खरवस केला, सगळ्या आळीला वाटला."

विचारणारा निराश होतो आणि पुढचा प्रश्न घेतो. इथेच थांबायला हवं. म्हैस कुणाची होती, दूध कुठे घालायचे, खरवस वाटायला आळीत कुठल्या घरी जायचे आणि कुठल्या घरी नाही? शेवटच्या प्रश्नात त्या गावचा सगळा समाज उभा राहतो. शिवाय कोल्हापूरच्या माणसाला १५ ऑगस्ट १९४७ ची आठवण पुसट असणं स्वाभाविक आहे. इथे गादी होती, दरबार होता, आणि कारभार बदलला तो दीड वर्षाने, मार्च १९४९ मध्ये. वसुलीला येणारा माणूस कधी बदलला, असं विचारा.

म्हाताऱ्या माणसाला एकटं बसवून रेकॉर्डर समोर ठेवला की ते भाषण देतात. हाताला काम असू द्या. शेंगा फोडताना, वाती वळताना माणूस खरं बोलतो. गुळव्याला तर गुऱ्हाळावरच न्या. काहिलीतला रस उकळताना बघितला की तो आपणहून बोलू लागतो: मळी कधी काढायची, भेंडीचं पाणी किती घालायचं, चुलाण्यात जाळ कमी करायला चुलव्याला, म्हणजे जाळ घालणाऱ्याला, कुठल्या शब्दात हाक मारायची. थंड पाण्यात पाकाचा थेंब सोडून बोटांत गोळी वळून बघतात, ते बोटांचं वळण नीट लिहून घ्या. कुठल्याही दप्तरात ते मिळणार नाही. बोटांच्या टोकाची कातडी त्याला किती कळते तेही विचारा, जुन्या गुळव्यांची भाजून भाजून जाड झालेली असते.

बायकांना वेगळं विचारा, पुरुष घरात नसताना. जमिनीचं सगळं आज्ज्याला ठाऊक असतं, पैशाचं आजीला. गोकुळ दूध संघ १९६३ चा. दहा दिवसांचं दूधबिल घरात येऊ लागलं त्यानंतर साडी कुणी कुणाला विचारून घेतली, ही सहकाराच्या इतिहासाची घरातली बाजू आहे आणि ती तुम्हाला आजीकडूनच मिळेल.

बाहेरचा इतिहास गाळून घेणं

आता चौथा रकाना भरायचा. प्रत्येक मोठ्या घटनेला एकच प्रश्न: ही या माणसापर्यंत कशी आली? उत्तर नसेल तर घटना वगळा, कितीही मोठी असली तरी.

दुसरं महायुद्ध घ्या. नाझी, हिरोशिमा वगैरे लिहायचा मोह होतो. पण १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. आसपासच्या गावचे लोक तिथे भाजी, दूध, अंडी घेऊन जात. तुमची पणजी त्यातली असेल तर महायुद्ध तुमच्या घरात त्या पाटीतून आलं. नसेल तर रेशनच्या रांगेतून आलं. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत उजाड झालेले सिंधी लोक आले, तेच आजचं गांधीनगर. म्हणजे आजीच्या लग्नाचा बस्ता गांधीनगरात बांधला असेल तर फाळणीही घरात आली. असा धागा ओढून ताणून आणू नका, पण असेल तर सोडूही नका.

राधानगरी धरण शाहू महाराजांनी काढलं, पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. चरित्रात ते धरण पायाभरणीच्या साली येऊ नये, तुमच्या रानाला पाणी मिळून जोंधळ्याच्या जागी ऊस उभा राहिला त्या साली यावं. प्रभात फिल्म कंपनी १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली. आज्जा स्टुडिओत सुतार नसेल तर तिला एक ओळही देऊ नका.

अठ्ठेचाळीसचं जळीत

या विषयाला कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडची घरं वळसा घालतात. गांधीजींच्या हत्येनंतर ब्राह्मणांची घरं जाळली गेली, कोल्हापुरात भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा चित्रपट स्टुडिओलाही आग लागली. तुमचा माणूस तेव्हा तेवीस वर्षांचा आहे आणि गावातच आहे. तो कुठे होता?

मिळेल ते उत्तर आहे तसं, बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहा आणि कुणी सांगितलं ते नोंदवा. "आमच्या आज्ज्याने चार घरं वाचवली" ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात आहे. सगळ्या खऱ्या असत्या तर काहीच जळलं नसतं. म्हणून ती ज्यांचं घर वाचलं त्यांच्या बाजूनेही पडताळा. पडताळता आली नाही तर "घरात असं सांगतात" एवढंच म्हणा. दुसऱ्या कुणाचं नाव आरोपी म्हणून छापू नका, त्याची नातवंडं त्याच गावात राहतात. हाच नियम भाऊबंदकीला, दुसऱ्या बायकोला, दारूला आणि जातीवरून पंगतीत वेगळं बसवल्याच्या गोष्टींना. घडलं ते लिहा. हयात माणसाला छापण्याआधी त्याचा मजकूर वाचून दाखवा.

लिहायला बसल्यावर

जन्मापासून सुरुवात नको. ज्या वर्षाबद्दल तुमच्याकडे सगळ्यात जास्त कागद आणि सगळ्यात जास्त बोलणं आहे, तिथून सुरू करा. आपल्या गुळव्याच्या बाबतीत मी १९५७ घेईन. मग मागे जा, मग पुढे.

तारीख, मोठी घटना आणि तुमचा माणूस ही तिन्ही एका वाक्यात कोंबू नका. "१९४९ साली संस्थान विलीन झाले तेव्हा आजोबा शेती करत होते" यात दोन सुट्या गोष्टी "तेव्हा" ने शिवल्या आहेत. त्याऐवजी वसुलीची पावती दाखवा: जुन्यावर कुणाचा शिक्का, नव्यावर कुणाचा, आणि आज्ज्याने दोन्ही एकाच दोरीत ओवून खुंटीला अडकवल्या.

जिथे कागद आणि तोंडी आठवण जुळत नाही तिथे दोन्ही लिहा. बहुतेक वेळा कागद तारखेला खरा असतो आणि माणूस कारणाला. आजी म्हणते जमीन सावकाराने खाल्ली, फेरफार म्हणतो राजीखुशीने खरेदीखत झालं. "राजीखुशीने" हा शब्द कुणी लिहिला, याचा विचार वाचकाला करू दे.

बोली जपा, पण सगळा मजकूर बोलीत नको. वाचणारी नातवंडं पुण्या-मुंबईत वाढलेली असतात. संवाद बोलीत, निवेदन तुमच्या रोजच्या भाषेत. गुऱ्हाळाचे शब्द मात्र बदलू नका. काहील म्हणजे काहीलच, कढई नव्हे.

साठ-सत्तर पानं पुरतात. वंशावळ शेवटी, मुलींसह आणि सुनांच्या माहेरच्या नावांसह, कारण जुन्या वंशावळीत त्या नसतातच. जन्मसाल अंदाजे असेल तर "सुमारे" लिहा. फेरफारांच्या नकला स्कॅन करून मागे जोडा आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका, प्लॅस्टिक पुढे निघत नाही. प्रती मोजक्याच काढा. घरच्यांना देऊन झाल्या की एक शाळेला, ज्यांनी रजिस्टर दाखवलं. एक गावच्या वाचनालयाला. एक करवीर नगर वाचन मंदिरात. तहसीलच्या ज्या कारकुनाने पुस्तक काढून दिलं त्यालाही एक द्या. पुढच्या खेपेला आईच्या माहेरचे कागद काढायला त्याच खिडकीशी उभं राहायचंय.